कॉलऱ्याचा माग काढायचाय: पीएफजीई, एमएलव्हीए की संपूर्ण जीनोम?

साथ कुठून आली हे जिवाणूच्या जनुकांवरून शोधायचं ठरलं, की प्रयोगशाळेपुढे मुख्यतः तीन पर्याय येतात: पल्स्ड फील्ड जेल, म्हणजे पीएफजीई, एमएलव्हीए, आणि संपूर्ण जीनोमचं सिक्वेन्सिंग, म्हणजे जिवाणूचा सगळा डीएनए अक्षर न अक्षर वाचणं. यंत्र विकणाऱ्याला विचाराल तर तो तिसऱ्याचंच कोटेशन पाठवेल. पण या पद्धती वेगवेगळ्या प्रश्नांना उत्तरं देतात. ते बघायला हैतीची २०१० ची साथ सगळ्यात सोयीची.

हैतीत शंभर वर्षांत कॉलऱ्याची नोंद नव्हती. जानेवारी २०१० मध्ये भूकंप झाला आणि ऑक्टोबरमध्ये आर्तिबोनित नदीच्या खोऱ्यात माणसं जुलाबांनी पटापट दगावू लागली. मिरबालेजवळ एका ओढ्याकाठी संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेची छावणी होती. तिथली नेपाळी तुकडी नुकतीच आली होती, आणि नेपाळात त्याच सुमारास कॉलरा चालू होता. छावणीची घाण ओढ्यात जाते, असं आसपासचे लोक सांगत होते. संशय घ्यायला एवढं पुरे. तो सिद्ध कसा करायचा?

पहिलं उत्तर पीएफजीईनं दिलं. यात जिवाणू अगारोज नावाच्या जेलीच्या छोट्या तुकड्यात बसवतात, आतल्या आत फोडतात, नॉट-वन किंवा एसएफआय-वन या विकरानं डीएनएचे मोजके मोठे तुकडे करतात. मग विजेची दिशा सतत बदलत ते तुकडे जेलमधून रात्रभर पळवतात. सकाळी पट्ट्यांचा नमुना दिसतो. अमेरिकेच्या सीडीसी या रोगनियंत्रण संस्थेनं १ नोव्हेंबरला जाहीर केलं की हैतीचा जिवाणू दक्षिण आशियातल्या जिवाणूंशी सर्वांत जास्त जुळतो. साथ ओळखल्यापासून दोन आठवड्यांच्या आत! जुनी म्हणून हिणवली जाणारी ही पद्धत तेव्हा वेळेवर धावून आली. पण तिची धाव तिथंच संपली. दक्षिण आशिया म्हणजे नक्की कोण? भारत, बांगलादेश, नेपाळ, पाकिस्तान? पट्टे सारखेच दिसत असतील तर जेल पुढं बोलत नाही.

डिसेंबरमध्ये सिक्वेन्सिंगचा पहिला निकाल आला. हैतीचे दोन नमुने पेरूच्या १९९१ च्या साथीतल्या जिवाणूपासून दूर निघाले आणि बांगलादेशातल्या २००२ व २००८ च्या नमुन्यांच्या जवळ. तंत्र बिनचूक होतं, पण शेजारी ठेवायला नेपाळचा नमुनाच नव्हता. घाईत वाचणाऱ्यानं त्यावरून बांगलादेशावर बोट ठेवलं असतं. सर्वांत जवळचा म्हणजे हाताशी असलेल्यांपैकी सर्वांत जवळचा, एवढाच त्याचा अर्थ. महागडी मशीन घेणारे नेमकं हेच विसरतात.

खरा निकाल लागला २०११ मध्ये. नेपाळात ३० जुलै ते १ नोव्हेंबर २०१० या काळात रुग्णांकडून मिळालेले २४ नमुने कोणीतरी जपून ठेवले होते. त्यांचे जीनोम वाचल्यावर त्यातले तीन हैतीच्या नमुन्यांशी जवळपास तंतोतंत जुळले. डीएनएच्या सुमारे ४० लाख अक्षरांत फरक एक किंवा दोन अक्षरांचा. तरीही लक्षात घ्या, हे नमुने नेपाळमधल्या रुग्णांचे होते, हैतीतल्या सैनिकांचे नव्हेत. ‘नेपाळ ते हैती’ हा दुवा जीनोमनं जोडला. ‘छावणी ते नदी’ हा दुवा जोडला तो गावोगाव फिरून रुग्णांच्या तारखा आणि ठिकाणं नकाशावर मांडणाऱ्यांनी.

संयुक्त राष्ट्रांनी नेमलेल्या चार तज्ज्ञांच्या समितीत कोलकात्यात दीर्घकाळ कॉलऱ्यावर काम केलेले जी. बालकृष नायर होते. समितीनं मे २०११ मध्ये दोष कोणा एकाचा नाही, असं म्हटलं. २०१३ मध्ये त्याच चौघांनी शांतिसेनेची छावणी हाच सर्वाधिक संभाव्य स्रोत असल्याचं लिहिलं. माफी मागायला मात्र संघटनेला डिसेंबर २०१६ उजाडला.

आता एमएलव्हीए. हिची चर्चा कमी होते. जिवाणूच्या जीनोममध्ये पाच ठिकाणी छोटे तुकडे पुन्हा पुन्हा येतात. ते किती वेळा आले हे पीसीआर करून मोजायचं. प्रत्येक नमुन्याला, समजा ९-४-६-१९-११ असा, पाच आकड्यांचा पत्ता मिळतो. काम झटपट, खर्च कमी. आकडे झपाट्यानं बदलतात, म्हणून एकाच शहरातल्या दोन वस्त्यांत किंवा एकाच घरातल्या रुग्णांत फरक दिसू शकतो. पण तेच तिचं दुखणं: एकाच रुग्णाच्या नमुन्यातून वाढवलेल्या दोन कॉलनींचेही (जिवाणूंच्या ठिपक्यांचेही) पत्ते वेगळे येतात. लांबचं नातं सांगायला ती निरुपयोगी. (सात जनुकांवरून गट पाडणारी एमएलएसटी ही जुनी पद्धत इथं विसराच, सातव्या महासाथीतले, म्हणजे १९६१ पासून जगभर चालू असलेल्या कॉलऱ्याच्या लाटेतले, जवळपास सगळे जिवाणू तीत एकाच गटात पडतात.)

उलट जीनोम फारच हळू बदलतो. सातव्या महासाथीच्या वंशात वर्षाला साधारण ३.३ अक्षरं. म्हणजे दीड महिन्याच्या साथीत सरासरी अर्ध्या अक्षराचाही फरक पडत नाही. २०२२ च्या पावसाळ्यात मेळघाटात चिखलदरा तालुक्यातल्या गावांत उघड्या विहिरीचं पाणी पिऊन कॉलरा पसरला. अशा वेळी ‘या विहिरीतून की त्या?’ हा प्रश्न जीनोमला विचारण्यात अर्थ नाही. तिथं रुग्णांची यादी, पाण्याचे नमुने आणि ब्लीचिंग पावडर हेच आधी.

मग सिक्वेन्सिंग कशासाठी? ऑक्टोबर २०२२ मध्ये, तीन वर्षांहून अधिक काळ एकही खात्रीचा रुग्ण नसताना, हैतीत कॉलरा परत आला. पुन्हा बाहेरून आला, की जुनाच कुठं दडून बसला होता? जीनोमनं तो २०१० च्याच वंशातला असल्याचं दाखवलं. वंशावळीचा असा प्रश्न असेल तर दुसरा पर्याय नाही. औषधांना दाद न देण्याची जनुकं आणि विषाच्या जनुकाचा प्रकार त्याच फाइलमधून कळतो, ते वेगळंच. येमेनच्या प्रचंड साथीचा वंश दक्षिण आशियातून पूर्व आफ्रिकेमार्गे आल्याचं असंच कळलं.

म्हणून माझा कौल: पीएफजीईचं यंत्र आधीपासून असेल आणि माहीतगार हात असतील तर चालू ठेवा, नवं घेऊ नका, अमेरिकेच्या पल्सनेटनंही (अन्नातून पसरणाऱ्या जंतूंवर नजर ठेवणाऱ्या प्रयोगशाळांच्या जाळ्यानं) २०१९ पासून सिक्वेन्सिंगलाच मुख्य पद्धत केलंय. एमएलव्हीए घ्या, पण एकाच शहराच्या साथीपुरती. सिक्वेन्सिंगसाठी मोठं यंत्र घेण्यापेक्षा नमुने चांगल्या केंद्राकडे पाठवा. फाइल वाचणारा माणूस तुमच्याकडे नसेल तर यंत्र पांढरा हत्तीच. हातातल्या पैशातून पहिली खरेदी उणे ७० अंशांच्या फ्रीझरची करा, सोबत भरवशाचं जनरेटर. दर साथीतले निदान काही नमुने तारीख, गाव आणि पाण्याचा स्रोत लिहून ग्लिसरॉलमध्ये ठेवा. हे लेबल मार्करनं नको. बर्फाच्या थरात पुसून जातं. फ्रीझरला टिकणारं छापील स्टिकर लावा.