एक्स-७० कॉइल: चिवटपणात खरी, यील्डमध्ये काठावरची

वायुवाहिनीसाठी स्पायरल वेल्डचे (पट्टी मळसूत्रासारखी वळवून सांधलेले) पाइप बनवण्याकरिता आम्ही एका पोलाद कारखान्याकडून एपीआय ५एल या पाइपांच्या मानकातील एक्स-७० प्रतीच्या हॉट रोल्ड कॉइल (गरम लाटून गुंडाळलेल्या पोलादी पट्ट्या) घेतल्या. कारखान्याचे नाव मुद्दाम देत नाही. पाइप तयार होऊन चाचण्या उरकल्यावरच हा अभिप्राय लिहीत आहे.

रसायनाबाबत तक्रारीला जागा नाही. कार्बन ०.०५ टक्क्यांच्या आत ठेवून मजबुती नायोबियम, नियंत्रित रोलिंग आणि जलद शीतन यांतून मिळवलेली आहे. कार्बन वाढवून मजबुती आणणे सोपे असते, पण त्याची किंमत पुढे साइटवरच्या वेल्डरला मोजावी लागते. आमच्याकडे वेल्डलगतचा उष्णताबाधित पट्टा कुठेही फाजील कठीण झाला नाही. ड्रॉप वेट टिअर चाचणीत (वजन पाडून नमुना तोडण्याची चाचणी) तुटलेल्या पृष्ठभागाचा ८५ टक्क्यांहून अधिक भाग तंतुमय, म्हणजे ठिसूळपणे न तुटता ताणून फाटलेला, निघाला. वाहिनीला पडलेली चीर लांबवर धावत जाऊ नये, यासाठी यील्डच्या (ज्या ताणाला पोलाद कायमचे ताणले जाऊ लागते त्या) आकड्यापेक्षा मी याच चाचणीला अधिक वजन देतो.

घोळ झाला तो मात्र यील्डमध्येच. किमान मर्यादा ४८५ मेगापास्कल, कॉइलच्या प्रमाणपत्रावर ५०५. पण पाइपमधून आडवी पट्टी कापून, ती सपाट करून ओढली तेव्हा काही नमुने मर्यादेच्या खाली उतरले. सगळा दोष पोलादाचा नव्हे. एका दिशेने वाकलेला धातू उलट दिशेने वाकवला की त्याची यील्ड घटते, यालाच बाउशिंगर परिणाम म्हणतात. त्याच पाइपांतून सपाट न करता घेतलेले गोल नमुने उत्तीर्ण झाले. तरीही पाइपसाठी कॉइल विकणाऱ्याने ही घट आधीच धरून चालायला हवे होते, आणि २० मेगापास्कलची मोकळीक त्यासाठी तुटपुंजी आहे. शिवाय पडलेले नमुने बहुतेक कॉइलच्या टोकांकडचे होते, त्यामुळे गुंडाळण्याचे तापमान तिथे हातचे सुटले असावे, असा माझा अंदाज. प्रमाणपत्राचा नमुना नेमका कुठून कापला, एवढे विचारले तर उत्तराला तीन आठवडे लागले.

हायड्रोजन सल्फाइडयुक्त सावर गॅससाठी ही कॉइल घेऊ नये. त्या कामाला मँगनीज आणि गंधक याहून बरेच कमी लागते. कोरड्या, शुद्ध केलेल्या वायूसाठी मी ती पुन्हा मागवीन, मात्र दोन्ही टोकांच्या चाचण्यांचे आकडे आणि यील्डची वाढीव किमान मर्यादा खरेदी आदेशातच लिहून.