रेन बर्ड 5000 प्लस: लॉनचं पाणी कमी करताना हा रोटर कितपत उपयोगी?

मध्यम आणि मोठ्या लॉनसाठी गिअरवर फिरणारे जे पॉप-अप रोटर (पाणी सुरू होताच जमिनीतून वर येऊन फिरत धार फेकणारे तुषार) मिळतात, त्यांत रेन बर्डची 5000 मालिका बरीच वापरली जाते. फेक (धार पोचते ते अंतर) साधारण 25 ते 50 फूट, फिरण्याचा कोन 40 ते 360 अंश, दाब 25 ते 65 पीएसआय (पौंड प्रति चौरस इंच). 'प्लस' मॉडेलमध्ये जास्तीची सोय एकच: प्रत्येक हेडचं (म्हणजे एकेका तुषाराचं) पाणी जागेवरच बंद करता येतं. सगळी जुळवाजुळव साध्या चपट्या स्क्रूड्रायव्हरने होते. हंटर कंपनीच्या पीजीपी रोटरला वेगळी किल्ली लागते, आणि अशा किल्ल्या गरजेच्या वेळी हाताशी नसतात.

पाणी जास्त होतंय म्हटल्यावर बहुतेक जण आधी नोझलवरचा (पाणी बाहेर पडतं त्या तोंडावरचा) रेडियस स्क्रू, म्हणजे फेक कमी-जास्त करणारा स्क्रू, पिळतात. त्याने फेक 25 टक्क्यांपर्यंत कमी होते, पण पाण्याची बचत जवळपास शून्य. रोटरमध्ये हा स्क्रू नोझलच्या तोंडासमोर येतो आणि धार फोडतो. पाणी तेवढंच बाहेर पडतं, फक्त अलीकडे पडतं. म्हणजे रस्त्यावर जाणारं पाणी थांबतं, पण हेडजवळची माती आणखी भिजते. न फिरता पंख्यासारखा फवारा मारणाऱ्या स्प्रे हेडचं गणित निराळं. तिथे स्क्रू नोझलच्या आतली वाटच अरुंद करतो, त्यामुळे ओघही खरोखर घटतो. स्प्रेची सवय झालेला माणूस रोटरवर फसतो तो इथेच.

रोटरमध्ये ओघ ठरवतं ते नोझल. या रोटरच्या नोझलच्या झाडावर (सगळी नोझलं एकत्र जोडून येतात त्या प्लास्टिकच्या सांगाड्यावर) 12 नोझल येतात: 25 अंशांच्या धारेची 1.5 ते 8.0 अशी आठ, आणि 10 अंशांच्या सखल धारेची 1.0 ते 3.0 अशी चार. नोझलवरचा आकडा म्हणजे 45 पीएसआयला मिनिटाला साधारण तितके अमेरिकन गॅलन. 3.0 मधून मिनिटाला 11 लिटरच्या आसपास पाणी जातं, 1.5 मधून त्याच्या निम्मं. वाऱ्याच्या जागी सखल नोझल बसवा. धार खालून गेल्यामुळे पाणी कमी उडून जातं.

नोझल निवडताना कोन विसरू नका. कोपऱ्यातलं हेड 90 अंश फिरतं, मधलं 360. दोघांत एकच नोझल असेल, तर कोपऱ्यात त्याच वेळात चौपट पाणी साठतं. एका व्हॉल्व्हवर 90 अंशाला 1.5, 180 ला 3.0 आणि 360 ला 6.0 असं प्रमाण ठेवलं की पाणी जवळपास सारखं पडतं. मोठ्या नोझलची फेक थोडी जास्त असते, तेवढ्यापुरता रेडियस स्क्रू वापरावा. त्याचं खरं काम तेच. कोपऱ्यात डबकं आणि मध्ये पिवळं गवत दिसलं, तर वेळ बदलण्याआधी नोझलचे आकडे वाचा.

बदलण्याची पद्धत: पाणी बंद करा, रायझर (हेडचा वर येणारा दांडा) वर ओढून धरा. रेडियस स्क्रू डावीकडे फिरवत नोझलच्या वाटेतून पूर्ण बाहेर घ्या. नोझल खालून उचकून काढा, नवं दाबून बसवा, आणि स्क्रू पुन्हा खाली आणा. ही शेवटची पायरी टाळू नका. नोझलला जागेवर धरून ठेवतो तो हाच स्क्रू. तो वर राहिला तर दाब येताच नोझल उडून गवतात जातं आणि जाड धार सुटते.

कोनाची डावी कड पक्की असते. रायझर फिरवून ती आधी कुंपणाच्या किंवा भिंतीच्या रेषेत आणा, मग वरच्या स्क्रूने उजवी कड ठरवा: अधिक (+) खुणेकडे कोन वाढतो, उणे (−) खुणेकडे घटतो. पीजीपीमध्ये उजवी कड पक्की असते, म्हणून दोन्ही कंपन्यांची हेडं एकाच बागेत असतील तर गोंधळ होतो.

आता दाब. धारेभोवती धुकं दिसत असेल तर दाब जास्त आहे आणि पाणी वाऱ्यावर जातंय. ओघ दाबाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात बदलतो, म्हणून 60 वरून 45 पीएसआयवर आल्यास तो साधारण 13 टक्के घटतो. या मालिकेत दाब 45 ला धरणारं पीआरएस (दाब-नियंत्रक असलेलं) मॉडेल आहे; दाब चढता असलेल्या लाईनवर साध्या मॉडेलपेक्षा तेच घ्यावं. सगळी नोझलं लहान केली की पाइपातला घर्षणतोटा घटतो आणि हेडवरचा दाब उलट चढतो, हेही लक्षात ठेवा. दाब कमी पडला तर रायझर अर्धवट उठतो आणि हेडपासून थोड्या अंतरावर कोरडं कडं राहतं.

'प्लस'चा बंद स्क्रू नोझल बदलताना किंवा एखादं हेड काही दिवस थांबवताना सोयीचा. ओघ कमी करायला तो अर्धा पिळून ठेवणं मात्र चूक. नोझलवरचा दाब जातो, धार फुटत नाही, आणि वर सांगितलेलं कोरडं कडं तयार होतं.

देखभाल थोडी आहे. टोपी उघडून रायझर बाहेर काढला की तळाला जाळी मिळते, ती धुवा. पाणी बंद केल्यावर रायझर खाली जात नसेल, तर बहुधा सीलमध्ये वाळू अडकलेली असते. उताराच्या सर्वांत खालच्या हेडमधून पाणी झिरपत राहिलं तर तिथे याच मालिकेतलं सॅम मॉडेल बसवा. त्यातला चेक व्हॉल्व्ह (लाईन बंद असताना पाणी गळू न देणारी झडप) 7 फुटांपर्यंतच्या उंचीचं पाणी अडवतो.

चिकण माती किंवा उतार असेल तर लहान नोझलने पाणी वाहून जाणं थांबतं. पण ओघ निम्मा करून वेळ दुप्पट ठेवली, तर एकूण पाणी तितकंच लागतं. नवं नोझल बसवल्यावर सारख्या आकाराचे सहा-सात सरळ डबे लॉनवर ठेवा, 15 मिनिटं पाणी चालवा आणि पट्टीने मिलिमीटर मोजून मगच टायमर लावा. दोन डब्यांत दुपटीचा फरक आला, तर टायमरला हात लावण्यात अर्थ नाही.

20 फुटांपेक्षा अरुंद पट्ट्यांसाठी हा रोटर घेऊ नका. तिथे स्प्रे हेडच्या बॉडीवर हंटरचं एमपी रोटेटर (हळू फिरणाऱ्या अनेक बारीक धारांचं नोझल) बसतं: तासाला साधारण 10 मिलिमीटर पाणी, साध्या स्प्रेच्या जवळपास चौथाई, आणि कोन बदलला तरी पडणाऱ्या पाण्याचं प्रमाण तेच राहतं.