डबल बेससाठी कॅबिनेट: बारा इंची एक की पाच इंची चार?

गेल्या सहा वर्षांत माझ्या डबल बेससाठी, म्हणजे उभं राहून वाजवायच्या माणसाएवढ्या तारवाद्यासाठी, माझ्याकडे दोन कॅबिनेटं, म्हणजे स्पीकर बसवलेले डबे, आली. पहिलं बारा इंची एका स्पीकरचं, निओडिमियम चुंबकाचं, पुढे पोर्ट (हवा जायचं भोक) असलेलं. दुसरं पाच इंची चार स्पीकरचं, पूर्ण बंद डब्याचं. दोन्ही स्वतःच्या पैशाने घेतली, त्यामुळे कुणाची भीड नाही. (आमच्या घरात ‘पेटी’ म्हटलं की आईची हार्मोनियम डोळ्यांसमोर येते, म्हणून इथे कॅबिनेटच म्हणतो.) डबल बेस घेऊन पुण्या-मुंबईत किंवा गोव्यात तीस ते दीडशे माणसांपुढे वाजवणाऱ्यांनी या दोन जातींपैकी काय घ्यावं, एवढाच इथे प्रश्न आहे. वॅट, ओहम, स्पीकॉन (स्पीकरच्या वायरचा जोड) हे तुम्हाला ठाऊक आहे असं धरतो. माझी दोन्ही कॅबिनेटं आठ ओहमची आहेत आणि एकच छोटं क्लास-डी हेड (वेगळा, हलका अँप्लिफायर) दोन्हींना पुरतं.

आधी आवाज. बारा इंचीत खर्ज आहे, यात वाद नाही. आणलं त्या दिवशी मी अर्धा तास नुसती मोकळी ई (सर्वांत खर्जातली तार) छेडत बसलो होतो. शेजारच्या काकू बेल वाजवून ‘पंप बिघडलाय का?’ विचारून गेल्या. पण त्या ई तारेचा मूळ स्वर ४१ हर्ट्झचा, आणि डबल बेसच्या पोटातल्या हवेचा घुमारा साधारण ६० हर्ट्झच्या आसपास बसतो. त्याखाली लाकडी वाद्य स्वतः फारसं बोलतच नाही; वरचे उपस्वर ऐकून कान तो मूळ स्वर भरून काढतो. मग जे वाद्यात नाही ते कॅबिनेटने घातलं, तर ते चांगलं की वाईट? घरी चांगलं. स्टेजवर, निदान माझ्या बेसला, नाही.

तक्ते ठोकून केलेल्या पोकळ स्टेजवर बारा इंची ठेवलं की मोकळी ए घुमायला लागायची. स्पीकर स्टेज हलवतो, स्टेज बेसची पाठ-पोट हलवतं, ब्रिजखाली, म्हणजे तारांच्या घोडीखाली, बसवलेला पिकअप ते कंप उचलून परत स्पीकरला देतो. तीन गाणी होईपर्यंत मी डाव्या हाताच्या रिकाम्या बोटांनी तारा दाबून धरायचो आणि उजवा हात हेडच्या बटणावर. उपाय सगळ्यांना माहीत आहे: हाय-पास फिल्टर, म्हणजे ठरावीक हर्ट्झखालचा आवाज कापणारं बटण. तो मी ६०च्या पुढे नेला की घुमणं थांबायचं. म्हणजे ज्या खर्जासाठी पैसे मोजले, तोच खर्ज प्रत्येक कार्यक्रमात बटण फिरवून कापायचा. तुमचा बेस कोरीव लाकडाचा असेल, पिकअप वेगळा असेल, तर हा अनुभव वेगळा येऊ शकतो. माझा प्लायचा आहे.

पाच इंची चार स्पीकरचं कॅबिनेट त्या खोलीला जातच नाही. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा वाटलं, काहीतरी कमी आहे. आठवडाभराने लक्षात आलं की जे कमी आहे ते मी आधीपासूनच कापत होतो. उरलं ते नीट ऐकू येतं: बोटाचा तारेवरचा स्पर्श, स्वर सुटल्यावरची आस, दोन स्वरांमधली घसट. गज लावला की फरक आणखी कळतो. बारा इंचीतून गजाचा आवाज गोधडीखालून आल्यासारखा यायचा. ट्वीटर (वरच्या आवाजाचा छोटा स्पीकर) चालू केला की राळ खरवडल्यासारखा. छोट्या स्पीकरांत तो मधला भाग जागेवर बसतो. छोटे स्पीकर आवाज रुंद पसरवतातही, त्यामुळे शेजारी उभ्या गिटारवाल्यालाही तोच बेस ऐकू येतो जो मला येतो. बारा इंचीचा वरचा आवाज टॉर्चसारखा सरळ पुढे जातो. पहिल्या रांगेतल्या माणसाला टकटक, मला फक्त पिंडऱ्यांना वारा.

पण ड्रमरने ब्रश ठेवून काठ्या घेतल्या, की पाच इंचीला धाप लागते. उघड्यावर तर लागतेच. कळंगुटला समुद्राकडे तोंड करून एकदा वाजवलं तेव्हा सगळा आवाज वाऱ्याने नेला, आणि साउंडवाल्याने मॉनिटरमध्ये (वादकांकडे तोंड केलेल्या स्पीकरमध्ये) बेस दिला नसता तर मी अंदाजपंचे वाजवत राहिलो असतो. बारा इंची असतं तर त्या दिवशी मी तक्रार केली नसती. त्यामुळे तुमचे निम्म्याहून जास्त कार्यक्रम उघड्यावर आणि जोरकस ड्रमसोबत होत असतील, तर पुढचं वाचून मन बदलू नका.

या भांडणाला जुना नियम आहे. स्पीकर बनवणाऱ्यांत तो हॉफमनचा लोखंडी नियम म्हणून ओळखला जातो. अँटन हॉफमन म्हणजे १९५७ साली निघालेल्या ‘केएलएच’ या अमेरिकी कंपनीच्या नावातला ‘एच’, आणि जोसेफ हॉफमन या गाजलेल्या पियानोवादकाचा मुलगा. नियम असा: छोटा डबा, खोल खर्ज, थोड्या ताकदीत मोठा आवाज, या तिन्हींतलं दोनच मिळतं. बारा इंचीने छोटा डबा सोडला. पाच इंचीने खर्जही थोडा सोडला आणि मोठा आवाजही थोडा सोडला. डबल बेसवाल्याला यातलं काय सोडायला परवडतं, तेवढं ठरवायचं.

आता वजन, कारण शोध त्यावरूनच सुरू झाला होता. हलक्या कॅबिनेटांची सगळी चैन निओडिमियम चुंबकामुळे. १९८०च्या दशकात ही चुंबकं बाजारात आली, त्याआधी बहुतेक स्पीकर फेराइटचा जाड गोळा पाठीला बांधूनच यायचे. माझं बारा इंची साडेदहा किलोंचं. पाच इंची चार स्पीकर म्हणजे चार चुंबकं, चार सांगाडे, आणि छोटा असला तरी ठणठणीत डबा: चौदा किलो. घरच्या काट्यावर मीच तोललंय. साडेतीन किलोंचा फरक. कागदावर निकाल लागला, असंच मलाही वाटलं होतं आणि म्हणूनच मी बारा इंची आधी घेतलं.

ज्या एका गोष्टीने माझं मत फिरलं ती वजनाची नव्हेच. डबल बेस असलेल्या माणसाला हात एकच असतो. डावा खांदा आणि डावा हात बेसच्या पिशवीत गेलेला, मान पुढे काढून दाराची चौकट बघत चालायचं. हेड आणि वायर पिशवीच्या पुढच्या खिशात. उरला उजवा हात. त्या हातात कॅबिनेट बसलं तर गाडीपासून स्टेजपर्यंत एक खेप. नाही बसलं तर दोन.

बारा इंचीला वर मधोमध चांगली मूठ होती. पण डबा रुंद, आणि मूठ अशी बसवलेली की उचललं की रुंद बाजू पायात आडवी येते. प्रत्येक पावलाला कोपरा गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला लागायचा. तो चुकवायला हात लांब धरायचा, हात लांब धरला की साडेदहा किलो पंधरासारखे होतात, अंग उजवीकडे झुकतं आणि डाव्या खांद्यावरचा बेस जिन्याच्या कठड्याला घासतो. सपाट वाटेवर मी ते कसंबसं निभावलं. जिना आला की मी खेकड्यासारखा आडवा चढायचो, आणि तिसऱ्या पायरीला ठरवायचो की आज दोन खेपा.

दुसरी खेप म्हणजे फक्त पाय दुखणं नव्हे. काहीतरी मागे एकटं ठेवून जायचं. काय ठेवायचं? बेस ठेवला तर जीव वर लागत नाही. कॅबिनेट ठेवलं तर ते खोक्यासारखं दिसतं, आणि खोक्याशी लोक खोक्यासारखंच वागतात. मुंबईत फोर्टातल्या एका जुन्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर कार्यक्रम होता. जाळीच्या लिफ्टमध्ये बेस मावेना. कॅबिनेट खाली दाराशी ठेवलं, बेस वर नेला, धापा टाकत खाली आलो, तर एक गृहस्थ माझ्या कॅबिनेटवर बसून वडापाव खात होते. मला बघून उठले, अगदी सभ्यपणे. ‘तुमचं का? मला वाटलं बसायला ठेवलंय.’ वरच्या कापडावर हिरव्या चटणीचा डाग आहे, तो अजून गेलेला नाही. दुसऱ्या वेळी पणजीला, फोंताइनाशच्या गल्लीत, जुलैच्या पावसात. गाडी आत जात नाही. छत्री एक. आधी काय न्यायचं हे ठरवेपर्यंत दोन्ही भिजली.

त्यानंतर मी पाच इंची बघायला गेलो आणि दुकानात लोकांना विचित्र वाटेल असं केलं: माझा बेस पिशवीसकट खांद्याला लावून ते कॅबिनेट उचलून फिरलो. बत्तीस सेंटिमीटरचा जवळजवळ चौकोनी ठोकळा. मुठीने धरलं तर पायाला चिकटून राहतं, लागत नाही. आणि मूठ सोडून दिली तर ते चक्क कडेवर बसतं. चौदा किलो म्हणजे तीन वर्षांचं मूल. हे वजन कमरेवर कसं न्यायचं ते आपल्या अंगाला माहीत असतं. बारा इंची कडेवर मावतच नाही, ते हलकं असलं तरी. साडेतीन किलो जास्त उचलून मी आता एका खेपेत वर जातो, आणि जिना मला पायाखाली दिसतो.

ज्यांच्याकडे बेसच्या तळाच्या खुंटीला लावायचं चाक आहे, किंवा कॅबिनेटसाठी ट्रॉली आहे, त्यांना हे सगळं अतिशयोक्त वाटेल. मीही चाक वापरून पाहिलं. मॉलमध्ये, विमानतळावर उत्तम. आपल्या फुटपाथवर दर वीस पावलांना उचलावं लागतं.

छोटेपणाचा आणखी एक फायदा घेतल्यानंतर कळला. महाराष्ट्रात कुठल्याही कार्यक्रमाला काही मिळो न मिळो, मंडपवाल्याची प्लास्टिकची खुर्ची मिळतेच. पाच इंची त्या खुर्चीवर नेमकं बसतं. जमिनीपासून वर आलं की जमिनीमुळे फुगणारा खर्ज कमी होतो, स्टेज हलत नाही, आणि स्पीकर कानाच्या जवळ येतो, म्हणजे आवाज कमी ठेवूनही मला ऐकू येतं. बारा इंचीही मी खुर्चीवर ठेवून पाहिलं होतं. खुर्ची डुगडुगायची आणि अर्धं लक्ष तिकडेच राहायचं.

बाकी पर्याय थोडक्यात. पाच इंची स्पीकरांची कल्पना फिल जोन्स यांच्या कंपनीने सर्वांत निष्ठेने चालवली आहे, पण आता या घाटाची कॅबिनेटं इतरांचीही मिळतात; नावापेक्षा डब्याचा आकार बघा. अकूस्टिक इमेज या कंपनीचे, वूफर (खर्जाचा स्पीकर) जमिनीकडे तोंड केलेले कॉम्बो, म्हणजे हेड आणि स्पीकर एकाच डब्यात, मी दोनदा वाजवले. डबल बेसचं मन ओळखून केलेली वस्तू वाटली आणि वजनालाही सोपी, पण हेड वेगळं, कॅबिनेट वेगळं ही मला सवय आहे. दहा इंची एकाचा मध्यममार्ग खूप जण सुचवतात. बहुधा बरोबर असतील. मी तोवर थकलो होतो. आणि कॅबिनेटच नको, सरळ हॉलच्या साउंडमध्ये जोडा, असं म्हणणाऱ्यांनी एकदा लग्नाच्या स्वागत समारंभात वाजवून बघावं, जिथे मॉनिटर सनईवाल्याच्या वाट्याला आलेला असतो.

एक व्यवहाराची गोष्ट. असली कॅबिनेटं आपल्याकडे दुकानात क्वचित दिसतात. मागवावी लागतात किंवा परदेशातून येणाऱ्या कुणाच्या तरी गळ्यात मारावी लागतात. बऱ्याच विमान कंपन्या एका बॅगेला २३ किलो आणि लांबी-रुंदी-उंचीची बेरीज १५८ सेंटिमीटर धरतात. माझी दोन्ही त्यात बसली असती. बारा इंची माझ्या मेहुण्याने आणलं आणि विमानतळावर मला दिलं तेव्हा त्याच्याही उजव्या गुडघ्याच्या बाहेर ओरखडा होता. तेव्हाच समजायला हवं होतं.

बारा इंची मी विकलेलं नाही. ते म्हापशाला एका ड्रमर मित्राकडे ठेवलंय. गोव्यातल्या उघड्यावरच्या कार्यक्रमांना मी इथून फक्त बेस घेऊन जातो आणि तो त्याच्या गाडीतून ते थेट स्टेजपाशी आणतो. मधल्या महिन्यांत त्याची बायको त्यावर इस्त्रीचे कपडे ठेवते.