नौपाड्यातील अणुअभियांत्रिकीचा वर्ग: सरांच्या तासासाठी जावे
यंत्र अभियांत्रिकीची पदवी घेतल्यावर अणुभट्टीच्या क्षेत्रात पुढे शिकावे, या हेतूने मी ठाण्यात नौपाड्यातील एका मार्गदर्शन वर्गात सहा महिने शनिवार-रविवारी जात होतो. शुल्क २४,००० रुपये होते. वर्गाच्या कार्यालयाविषयी फारसे बरे लिहिता येणार नाही, म्हणून त्याचे नाव देत नाही.

अणुभट्टीचे भौतिकशास्त्र शिकवणारे सर मात्र फळ्यावर संपूर्ण हिशेब मांडूनच पुढे सरकतात. भट्टीत तयार होणाऱ्या झेनॉन-१३५ या किरणोत्सारी वायूच्या एका विषयाला त्यांनी दोन तास दिले आणि ते मला कमीच वाटले. हा झेनॉन बहुतांशी आयोडीन-१३५ च्या ऱ्हासातून तयार होतो. आयोडीनचे अर्धायुष्य (निम्मा साठा ऱ्हास पावायला लागणारा काळ) सुमारे ६.६ तास, तर झेनॉनचे सुमारे ९.१ तास. भट्टी पूर्ण शक्तीवर चालू असते तेव्हा झेनॉन साखळी अभिक्रिया चालवणारे न्यूट्रॉन गिळून स्वतःही नाहीसा होत असतो. भट्टी बंद केली की त्याचा हा निचरा थांबतो, आयोडीनकडून होणारी आवक मात्र चालूच राहते, त्यामुळे झेनॉन ओसरण्याऐवजी काही तास वाढतच जातो आणि अभिक्रियाशीलतेची (साखळी अभिक्रिया वाढवण्याच्या क्षमतेची) पुरेशी शिल्लक हाताशी नसेल, तर तो ओसरेपर्यंत भट्टी पुन्हा सुरू करता येत नाही. सरांनी झेनॉनच्या या चढउताराचा आलेख तयार दिला नाही. दर तासाचा आकडा काढायला लावून आमच्याच वहीत तो उमटवून घेतला. उष्णतावहन आणि पदार्थविज्ञान हे विषय इतर शिक्षकांनी उरकले, एवढेच म्हणता येईल.

कार्यालयाची गोष्ट निराळी. प्रवेशाच्या दिवशी मला सांगण्यात आले, "एम.टेक. करा, म्हणजे तुर्भ्याच्या केंद्रात आपोआप लागाल." वस्तुतः तुर्भ्याच्या (ट्रॉम्बे) या भाभा अणुसंशोधन केंद्राची प्रशिक्षणशाळा १९५७ पासून चालते आणि तिच्या एका वर्षाच्या ओसीईएस (अभियांत्रिकी पदवीधर आणि विज्ञान पदव्युत्तरांसाठीच्या) अभ्यासक्रमासाठी गेट या राष्ट्रीय परीक्षेचे गुण किंवा केंद्राची ऑनलाइन परीक्षा, आणि त्यानंतर मुलाखत, असा स्वतंत्र मार्ग आहे. याच मुलाखतीतून निवड होऊन ठरावीक संस्थांत एम.टेक. करण्याची डीजीएफएस ही अणुऊर्जा विभागाची वेगळी शिष्यवृत्ती योजना आहे. स्वतःहून आयआयटी कानपूरसारख्या संस्थेत एम.टेक. करणाऱ्याला मात्र अशी कोणतीही हमी मिळत नाही. कार्यालयाने या तिन्ही वाटा आपल्या एकाच माहितीपत्रकात कालवून टाकण्याचे काही कारण नव्हते.

सराव परीक्षांच्या उत्तरसूचीतील चुका दाखवूनही दुरुस्त झाल्या नाहीत. सराव मुलाखत बारा मिनिटांत संपली आणि तीत माझ्या छंदांची चौकशी अधिक झाली. मूलभूत विषयांवर एकच प्रश्न आला, तोही पाठांतराचा.

प्रवेश घ्यायचाच असेल, तर फक्त भौतिकशास्त्राच्या तासांपुरता मिळतो का, हे आधी विचारावे. तो ८,००० रुपयांत मिळत होता, हे मला सहाव्या महिन्यात शेजारच्या बाकावरील मुलीकडून कळले.