गड्ड्यावरचं ‘अंतराळ हॉटेल’: खिडकी झकास, बाथरूम गायब

सोलापूरच्या गड्ड्याच्या यात्रेत यंदा होम मैदानावर, मोठ्या पाळण्यांच्या मागं, एक काळा तंबू लागला होता. पाटी ‘अंतराळ हॉटेल’, तिकीट दीडशे. डोळ्यांवर व्हीआरचा चष्मा, खाली हलती खुर्ची, आणि चारशे किलोमीटर उंचीवर बारा मिनिटांचा मुक्काम. एसटी स्टँडजवळ माझं लॉज आहे. दुसऱ्याची खोली बघायला मिळाली की मी सोडत नाही.

खिडकीला पैकीच्या पैकी मार्क. घुमटाची काच, खाली पृथ्वी, दीड तासाला एक फेरी, म्हणजे दिवसाला सोळा सूर्योदय. (चेक-आउट कुठल्या सूर्योदयाला, ते विचारायचं राहिलं.) १९७३ च्या स्कायलॅब या अमेरिकी अंतराळ स्थानकात खिडकी हवीच, असा आग्रह रेमंड लोई या डिझायनरनं धरला होता. गिऱ्हाइकाला काय लागतं ते त्या माणसाला कळत होतं.

खोलीच्या भिंतींना गुबगुबीत गाद्या, त्यात रंगीत दिवे. फिलिप स्टार्क या डिझायनरनं अ‍ॅक्सिअम या अंतराळ कंपनीसाठी काढलेल्या खोलीची ही उघड नक्कल. पण गाद्या बरोबर आहेत, तिथं माणूस तरंगत कुठंही आपटतो. घोटाळा पलंगात आहे. जमिनीवर पलंग, वर घडी घातलेली चादर! अहो, वजनच लागत नाही तिथं चादर अंगावर राहील कशी? आपली सोलापुरी चादर जड बसते म्हणून तर थंडीत डोळा लागतो. अंतराळात स्लीपिंग बॅग भिंतीला बांधतात आणि आत शिरतात. ‘हेवन-१’ या खासगी अंतराळ स्थानकासाठी तर हवा भरून अंगाला सगळीकडून सारखा दाब देणारं अंथरूण आखलंय. ते दाखवलं असतं तर मी लगेच दुसरं तिकीट काढलं असतं.

चष्म्यात बासरी वाजत होती. खऱ्या स्थानकात पंखे वाजतात, रात्रंदिवस. तिथं गरम हवा वर जात नाही, त्यामुळं पंखा बंद केला तर झोपलेल्याचा उच्छ्वास तोंडाभोवतीच साठतो आणि डोकं धरतं. ‘पंख्याचा आवाज येतो’ ही आमच्याकडं रोजची तक्रार. पण आमचा पंखा निदान बंद करता येतो. आवाज न करता हवा खेळती ठेवणं हेच अशा हॉटेलाचं खरं काम, दिवे नंतर बघा.

आणि बाथरूम? अख्ख्या सफरीत दारसुद्धा दिसलं नाही. मी स्टॉलवरच्या पोराला विचारलं.

“काका, ते कोण बघतंय ओ?”

“बाबा, आमच्याकडं लोक आधी तेच बघतात, मग भाव विचारतात.”

वर पाणी ओतता येत नाही, हवेनं ओढून घ्यावं लागतं. लघवीला नळी, बाकीच्याला शोषणारं भांडं. आंतरराष्ट्रीय स्थानकात लघवी आणि घाम गाळून पुन्हा पिण्याचं पाणी करतात. २०२३ मध्ये हे प्रमाण ९८ टक्क्यांपर्यंत गेलं. उन्हाळ्यात टँकरची वाट बघणाऱ्या माणसाला खरं तर हाच भाग दीडशे रुपयांचा होता.

जेवणात चांदीच्या ताटात पाव दाखवला. पावाचा चुरा उडून डोळ्यांत आणि पंख्यांच्या जाळीत जातो, म्हणून तिथं टॉर्टिया, म्हणजे मेक्सिकन पोळी, खातात. कडक भाकरी तर विसराच. शेंगा चटणी मात्र दह्यात कालवून चालेल असं वाटतं, कारण वर रक्त डोक्याकडं सरकून नाक चोंदतं, चव मरते, आणि अंतराळवीर तिखट मागतात. आपले अंतराळवीर शुभांशु शुक्ला २०२५ मध्ये मात्र गाजर हलवा आणि आमरस असं गोडही घेऊन गेले होते.

शेवटी ‘कृत्रिम गुरुत्वाकर्षण’ म्हणून हॉटेल गरागरा फिरवलं. मिनिटाला दोनच फेऱ्या घेऊन पृथ्वीइतकं वजन हवं असेल तर चाकाची त्रिज्या सव्वादोनशे मीटरच्या आसपास लागते. यांचं हॉटेल आमच्या लॉजएवढं. मळमळ मात्र अस्सल होती. पहिले दोन-तीन दिवस खऱ्या प्रवाशांपैकीही बऱ्याच जणांना ती होते.

पाचपैकी अडीच तारे, त्यातले दोन खिडकीचे. जायचं तर दुपारी जा, गर्दी नसते. चष्मा आपल्या रुमालानं पुसून घ्या, आणि भजी नंतर खा.