शिशुवर्गाचा पहिला डबा: दुकानातले चार प्रकार, तपासून

साडेतीन वर्षांच्या मुलाला झाकण एकट्याने उघडता येतं का, हे आधी बघायचं. रंग, कार्टून, कप्पे, किंमत हे सगळं नंतर.

शिशुवर्गातली खाऊची सुट्टी साधारण १५-२० मिनिटांची. हात धुणं, रांग, दप्तरातून डबा काढणं, नॅपकिन पसरणं यात पाच मिनिटं सहज जातात. वर्गात पंचवीस-तीस मुलं आणि बाई-मावशी मिळून दोघी. ज्याचं झाकण अडतं ते मूल मावशींची वाट बघत बसतं. डबा भरलेला परत आला की घरी भाजीवर, तिखटावर, मुलाच्या नखऱ्यांवर चर्चा झडते. झाकणाकडे कोणाचं लक्षच जात नाही.

दुसरी चूक मापाची. या वयाला ३०० ते ४०० मिलीचा डबा पुरतो. एक मध्यम पोळी आणि दोन चमचे सुकी भाजी, किंवा दोन इडल्या, किंवा वाटीभर उपमा एवढंच जायचं असतं. ७५० मिलीच्या डब्यात तेवढंच भरलं तर घास इकडून तिकडे आपटून भुगा होतो, आणि पूर्ण भरला तर मूल बघूनच दमतं. (डबा आजी निवडणार असेल तर हे आधीच सांगून ठेवलेलं बरं.)

दाबून बसणाऱ्या झाकणाचा गोल स्टीलचा डबा सगळ्यात स्वस्त, सगळ्यात टिकाऊ. रबर नाही, क्लिप नाही, घासायला दोन मिनिटं. पण याच डब्यात गरम उपमा भरून लगेच झाकण दाबलं की घोटाळा होतो. आतली वाफ निवून तिचं पाणी होतं, आतला दाब उतरतो आणि बाहेरची हवा झाकण घट्ट दाबून धरते. मोठी माणसं तेव्हा चमच्याची दांडी घालून झाकण उचकतात. मूल काय करणार? म्हणून दुकानात रिकामा डबा पटकन उघडला यावर जाऊ नका. घरी गरम पदार्थ भरून दोन तासांनी मुलाच्या हातात द्या. दहा मिनिटं उघडा ठेवून मग झाकण लावलं तर हा त्रास बराच कमी होतो. गोल डब्यात पोळीची गुंडाळी आडवी बसत नाही, हेही आहेच. सुक्या खाऊसाठी चांगला, रोजच्या पोळी-भाजीसाठी नाही.

आयताकृती, दोन क्लिपांचा स्टीलचा डबा हा या वयासाठी आमच्या मते सगळ्यात योग्य. पण त्यातही बघून घ्यावा लागतो. क्लिप दोनच हव्यात, समोरासमोरच्या बाजूंना. चार बाजूंना चार कुलपं असलेलं झाकण गळत नाही खरं, पण मूल तीन उघडतं आणि चौथ्याशी झटापट करताना भाजी मांडीवर सांडते. क्लिपचं टोक डब्यापासून थोडं सुटलेलं असावं, म्हणजे बोटाचं पेर आत जातं. नख घालून उचलावी लागली तर तो डबा परत ठेवा. प्लास्टिकची क्लिप झाकणाला पातळ पट्टीने जोडलेली असेल, तर रोजच्या उघडझापीने नेमकी तिथेच पांढरी पडते आणि तुटते. स्टीलच्या तारेची क्लिप टिकते, मात्र ताण जास्त असेल तर बोट चिमटतं. स्वतःच्या करंगळीने उघडून बघा. करंगळीला जड वाटली तर मुलालाही जड जाणार.

गळती तपासायला डबा पाण्याने अर्धा भरा, बंद करून वर्तमानपत्रावर दहा मिनिटं उलटा ठेवा. कागद ओला झाला तर आधी सिलिकॉनची रिंग नीट बसली आहे का ते बघा. बहुतेक वेळा ती कोपऱ्यात पिळलेली असते. आतली वाटी झाकणाची असली तरी तिच्यात रस्सा देऊ नका. वाटीचं झाकण बाहेरच्या झाकणाएवढं घट्ट नसतं.

स्टील कुठलं, हा प्रश्न विचाराच. ३०४ म्हणजे साधारण १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल; लिंबू, चिंच, मीठ यांना ते चांगलं तोंड देतं. २०२ मध्ये निकेल कमी आणि मँगनीज जास्त. ते स्वस्त असतं आणि मिठाच्या ओलीत डाग धरू शकतं. ‘लोहचुंबक चिकटत नाही, म्हणजे ३०४’ असं काउंटरवर ऐकवतात, पण चुंबक २०२ लाही चिकटत नाही. म्हणून डब्यावर ठसा बघा, बिलावर दर्जा लिहून घ्या. मार्च २०२४ मध्ये केंद्र सरकारने स्टीलच्या भांड्यांना आयएसआय चिन्ह सक्तीचं करणारा आदेश काढला आहे, तेव्हा ते चिन्ह विचारायलाही संकोच नको.

कप्प्यांचे प्लास्टिकचे डबे दिसायला सगळ्यात गोड. झाकण उघडलं की सगळं एका नजरेत दिसतं, आणि खायला कुरकुरणाऱ्या मुलाला चार प्रकार थोडे थोडे देता येतात, हा त्यांचा खरा फायदा. तोटे वापरायला लागल्यावर कळतात. मधली भिंत झाकणाला टेकत नसेल तर काकडीचं पाणी बिस्किटांत शिरतं. मीठ लावलेली काकडी पाणी सोडतेच, म्हणून मीठ लावूच नका. डबे उथळ असतात, इडली झाकणाखाली चेपते. तळाशी त्रिकोणात ५ हा आकडा असेल तर ते पॉलिप्रॉपिलीन, खाण्याच्या डब्याला ठीक. ७ म्हणजे ‘इतर’, त्यात बरंच काही येतं. काहीही असलं तरी कढईतून काढलेला वाफाळता पदार्थ प्लास्टिकमध्ये थेट नको. हळदीचा पिवळा डाग घासून जात नाही. धुतलेला डबा दिवसभर उन्हात ठेवला की फिका पडतो. पण शाळा सुरू होते जूनमध्ये, तेव्हा ऊन आणायचं कुठून! कोरडा खाऊ आणि फळांपुरता घ्यावा.

आता ‘गरम राहणारा’ डबा. आत स्टील, बाहेर प्लास्टिक, मध्ये नुसती हवा असलेल्या डब्यात अन्न तास-दोन तास कोमट राहतं. तीच अडचण आहे. साधारण ५ ते ६० अंश सेल्सिअस या टप्प्यात जंतू भराभर वाढतात, आणि कोमट डबा अन्नाला नेमका तिथेच बसवून ठेवतो. दही-भात, पनीर, ओल्या नारळाचे पदार्थ अशा डब्यात घालू नयेत. आठला भरलेला डबा दहाला खाल्ला तर चालून जातं. साडेअकराला उघडणार असेल तर सुके पदार्थच द्या. शिवाय हा डबा पाण्यात बुडवून घासला की स्टील आणि प्लास्टिकच्या फटीत पाणी शिरतं. हलवला की खळखळतं, काही दिवसांनी वास येतो, आणि ते पाणी काढायची सोय नसते. खरा निर्वात थर्मास-डबा गरम ठेवतो, पण त्यासाठी आधी त्यात पाच मिनिटं उकळतं पाणी ठेवावं लागतं आणि डबा काठोकाठ भरावा लागतो. त्याचं फिरकीचं झाकण शिशुवर्गातल्या मनगटाला झेपत नाही, आणि आतलं अन्न तोंड भाजण्याइतकं गरम निघू शकतं. दुसरी-तिसरीपर्यंत थांबा.

डबा कितीही चांगला घेतला तरी गरम पोळी कोंडली तर ती वातड होणारच. वाफेचं पाणी सुटून खालची बाजू ओली होते आणि कडा चिवट. तव्यावरून काढल्यावर पाव चमचा तूप लावा, जाळीवर पाच-सात मिनिटं निवू द्या, मग भाजी पसरून गुंडाळी करा आणि मधोमध कापा. खाली सुती रुमालाची घडी घाला. भाजी सुकीच हवी. बटाट्याची, कोबीची, किसलेल्या गाजराची. फ्लॉवरचा वास डब्यात कोंडतो आणि शेजारचं मूल नाक धरतं, त्यामुळे निदान पहिला महिना टाळा. पोहे दोन तासांत कोरडे पडून घशाशी अडतात; द्यायचेच तर नेहमीपेक्षा जास्त भिजवा आणि शेंगदाण्यांऐवजी कूट घाला. अख्खे शेंगदाणे, फुटाणे, अख्खी द्राक्षं या वयात डब्यात नकोतच. द्राक्ष उभं चार भागांत चिरलं की भीती कमी होते. गोल चकत्या मात्र तशाच धोक्याच्या.

सिलिकॉनची रिंग रोज काढून, खाचेत जुना टूथब्रश फिरवून धुवायची आणि डबा रात्रभर उघडा ठेवायचा. पावसाळ्यात चार दिवस दुर्लक्ष झालं की खाचेत काळे ठिपके दिसतात. ते बुरशीचे असतात, घासून पूर्ण जात नाहीत. रिंगच बदलावी लागते. म्हणून सुटी रिंग मिळत नसेल तो डबा घेऊ नका, आणि मिळत असेल तर दोन जास्तीच्या घेऊन ठेवा. दुकानदार नाव घालून देत असेल तर झाकणावर आणि तळावर, दोन्हीकडे घालून घ्या. वर्गात डबे बदलत नाहीत, झाकणं बदलतात.