इम्पॅट : भारतीय वनौषधींतील रसायनांचा खुला डेटाबेस

वनस्पतिजन्य औषधांवर काम करू पाहणाऱ्याला सर्वांत आधी हे ठाऊक असावे लागते की, हाताशी असलेल्या वनस्पतीच्या कोणत्या भागातून आजवर कोणती संयुगे वेगळी केली गेली आहेत. ही माहिती जुन्या ग्रंथांत आणि असंख्य शोधनिबंधांत विखुरलेली असते. ती एकत्र आणण्याचे काम चेन्नईच्या गणितीय विज्ञान संस्थेतील अरिजित सामल यांच्या संशोधन गटाने ‘इम्पॅट’ या डेटाबेसच्या रूपाने केले आहे. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पहिल्या आवृत्तीत १,७४२ वनस्पती आणि ९,५९६ संयुगे होती. २०२२ मध्ये आलेल्या दुसऱ्या आवृत्तीत ४,०१० वनस्पती आणि १७,९६७ संयुगे आहेत. डेटाबेस वापरण्यासाठी शुल्क नाही, नावनोंदणीही करावी लागत नाही.

डेटाबेस पारखायचा तर ओळखीच्या वनस्पतीपासून सुरुवात करावी, म्हणून मी सह्याद्रीतील नरक्या निवडला. या झाडात कॅम्प्टोथेसिन असते. हे संयुग १९६६ मध्ये मन्रो वॉल आणि नंदुरबारला जन्मलेले मनसुख वाणी यांनी अमेरिकेत एका चिनी वृक्षातून प्रथम वेगळे केले आणि पुढे १९७२ मध्ये ते आपल्या नरक्यातही सापडले. टोपोटेकॅन आणि इरिनोटेकॅन ही कर्करोगावरील दोन औषधे याच संयुगात फेरफार करून तयार झाली आहेत. इम्पॅटमधील संयुगाच्या वेबपानावर रेणूची रचना, भौतिक-रासायनिक गुणधर्म, औषधयोग्यतेचे निकष, शरीरातील शोषणाविषयीची अनुमाने आणि ज्या मानवी प्रथिनांशी ते जोडले जाण्याची शक्यता आहे त्यांची यादी, असे स्वतंत्र विभाग आहेत. रेणूची त्रिमितीय रचना डॉकिंगसाठी, म्हणजे रेणू प्रथिनात कसा बसेल हे संगणकावर पाहण्यासाठी, लागणाऱ्या स्वरूपांत थेट उतरवून घेता येते, त्यामुळे विद्यार्थ्यांचा पुष्कळ वेळ वाचतो.

दुसऱ्या आवृत्तीतील दोन सुधारणा मला विशेष मोलाच्या वाटतात. पहिली सुधारणा अशी की, संयुगाची नोंद आता नुसत्या वनस्पतीसमोर न राहता मूळ, साल, पान किंवा बी अशा भागासमोर होते आणि प्रत्येक नोंदीला मूळ ग्रंथाचा वा निबंधाचा संदर्भ जोडलेला असतो. जे संयुग मुळात आहे ते पानातही असेल असे गृहीत धरून अर्क काढायला बसले, तर महिनेच्या महिने वाया जाऊ शकतात. दुसरी सुधारणा म्हणजे रेणूंच्या त्रिमितीय मांडणीचे भान. कॅम्प्टोथेसिनचे निसर्गात आढळणारे एस-रूप परिणामकारक असते, तर त्याचे आरशातील प्रतिबिंबासारखे आर-रूप जवळपास निष्क्रिय असते. कागदावर साध्या रेघांनी काढलेल्या रचनेत हा फरक दिसत नाही. हे भेद जपून सूची तयार करणे अत्यंत किचकट असते, आणि ते माणसांनी एकेक नोंद तपासून केले आहे, याचे श्रेय या गटाला मोकळेपणाने दिले पाहिजे.

औषधयोग्यतेच्या गाळणीबाबत मात्र वापरणाऱ्याने सावध राहावे. अनेक निकष एकत्र लावून या गटाने १,३३५ औषधयोग्य संयुगांचा उपसंच वेगळा काढला आहे आणि त्यांतील बहुसंख्य संयुगे सध्याच्या कोणत्याही मान्यताप्राप्त औषधाशी साधर्म्य दाखवत नाहीत, ही बाब निश्चितच उत्साहवर्धक आहे. तरीही या निकषांपैकी लिपिन्स्कीच्या नियमांची, म्हणजे तोंडावाटे घेतलेले औषध शरीरात शोषले जाईल का याचा रेणुभारासारख्या गुणधर्मांवरून अंदाज बांधणाऱ्या ठोकताळ्यांची, मर्यादा हळदीतील कर्क्युमिनच्या उदाहरणाने लगेच कळते : ते या नियमांत सहज बसते, परंतु शरीरात नीट शोषले जात नाही आणि प्रयोगशाळेतील चाचण्यांमध्ये खोटे अनुकूल निष्कर्ष देण्याबद्दल कुप्रसिद्ध आहे. उलट वॉल आणि वाणी यांनीच शोधलेल्या टॅक्सॉल या कर्करोगावरील संयुगाचा रेणुभार सुमारे ८५४, म्हणजे या नियमांतील ५०० च्या मर्यादेपेक्षा कितीतरी अधिक, तरीही ते जगभर वापरले जाणारे औषध ठरले. गाळणीत न टिकलेली संयुगे टाकाऊ असतात असे विद्यार्थ्यांच्या मनात बसू नये, याची काळजी मार्गदर्शकांनी घ्यावी.

माझी मुख्य तक्रार प्रमाणाविषयी आहे. संयुग कोणत्या भागात आहे हे इम्पॅट सांगते, पण किती आहे, कोणत्या प्रदेशातील आणि कोणत्या ऋतूतील नमुन्यात आहे, हे सांगत नाही. नरक्याच्या बाबतीत हा तपशील निर्णायक आहे, कारण कॅम्प्टोथेसिनचे प्रमाण झाडाच्या भागानुसार आणि ठिकाणानुसार बदलते, आणि लाकडासाठी झाडेच तोडली गेल्याने पश्चिम घाटातील त्याची संख्या रोडावली आहे. प्रमाण माहीत असते, तर पाने किंवा डहाळ्या खुडून भागेल की झाड पाडावे लागेल, याचा अंदाज संशोधकाला संगणकासमोरच घेता आला असता. मूळ निबंधांत अशी आकडेवारी अनेकदा दिलेली असते. पुढील आवृत्तीत ती नोंदवली जावी, ही आग्रहाची विनंती.

याखेरीज, हा संग्रह केवळ वनस्पतींचा आहे. आपल्या किनाऱ्यावरील स्पंज, मातीतील सूक्ष्मजीव आणि घाटातील दगडफूल यांच्यातील संयुगांसाठी दुसरीकडेच जावे लागते. वापराचा परवाना अव्यावसायिक कामापुरता असल्याने एखाद्या कंपनीला ही सामग्री वापरायची असेल, तर तिने आधी संस्थेशी बोलणे आवश्यक आहे. औषधनिर्माणशास्त्र, वनस्पतिशास्त्र किंवा रसायनशास्त्र शिकवणाऱ्या महाविद्यालयांनी मात्र थांबण्याचे कारण नाही; प्रकल्पाचा विषय ठरवण्याआधी विद्यार्थ्याने निवडलेल्या वनस्पतीचे इम्पॅटवरील पान उघडून तेथील संदर्भ मुळातून वाचावेत, इतका नियम जरी केला तरी तेच ते काम पुन्हा होणे बरेच टळेल.